कारखान्याच्या रक्तवाहिन्या : पाईपमार्गांची त्रिमितीय आखणी

तेलशुद्धीकरण, खत किंवा रसायनांचा एखादा मोठा कारखाना रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीत प्रथम भरतात ते उंच मनोरे, गोलाकार टाक्या आणि धुरांडी. या सर्वांच्या मधून वळणे घेत जाणाऱ्या असंख्य पाईपांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाहणाऱ्यास तो लोखंडाचा एक गुंताच वाटतो. वस्तुतः कारखान्याचे खरे जीवन या गुंत्यातूनच वाहत असते. कच्चा माल, वाफ, थंड पाणी, हवा, तयार झालेले रसायन आणि टाकाऊ द्रव्ये या साऱ्यांची ने-आण पाईपांतूनच होते. मनोरे व टाक्या ही कारखान्याची इंद्रिये मानली, तर पाईप या त्याच्या रक्तवाहिन्या होत.

या गुंत्यातील एकही पाईप आपल्या मर्जीने वळलेला नसतो. त्याचे प्रत्येक वळण, प्रत्येक उंची आणि प्रत्येक आधार कोणी तरी विचारपूर्वक ठरविलेला असतो. हे काम पूर्वी कागदावर होत असे. आज ते बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर, त्रिमितीय आज्ञावलींच्या साहाय्याने होते. मुंबई, नवी मुंबई व पुणे येथील अभियांत्रिकी कार्यालयांतून देशातील व परदेशांतील प्रकल्पांसाठी असे काम चालते आणि महाराष्ट्रातील अनेक तरुण अभियंते व आरेखक त्यावर आपली उपजीविका करतात. हे काम नेमके काय आहे आणि त्यात चूक झाली तर तिची किंमत कोण मोजतो, याची माहिती कारखान्याशेजारच्या गावांतील कारभाऱ्यांना, शिक्षकांना व अधिकाऱ्यांना असणे उपयुक्त ठरेल.

आकृतीपासून अवकाशापर्यंत

कोणत्याही प्रक्रिया-उद्योगाचा आराखडा तयार करताना प्रथम प्रक्रियेची आकृती काढण्यात येते. कोणत्या टाकीतून कोणते द्रव्य निघावे, ते कोणत्या पंपातून जावे, कोठे तापावे, कोठे निवावे, कोठे झडप असावी आणि कोठे दाब मोजावा हे सर्व तीत दर्शविलेले असते. परंतु ही आकृती रेल्वेच्या मार्गदर्शक नकाशासारखी असते. कोणत्या स्थानकानंतर कोणते स्थानक येते हे तीवरून कळते. रूळ कोठे वळतो, पूल किती उंच आहे आणि बोगदा कोठे आहे हे कळत नाही.

दुसरे महत्त्वाचे चित्र म्हणजे जागेचा नकाशा. यंत्रे, टाक्या, इमारती, रस्ते व गटारे जमिनीवर कोठे येणार हे त्यात निश्चित केलेले असते. पाईपमार्गाची आखणी करणाऱ्याचे काम या दोहोंचा मेळ घालण्याचे आहे. प्रक्रियेच्या आकृतीतील एक साधी रेघ प्रत्यक्ष जागेत कोणत्या वाटेने न्यावयाची, हे त्याला ठरवावे लागते.

ही वाट निवडताना अनेक बंधने पाळावी लागतात. पाईपाने लोखंडी तुळईस अडथळा होता कामा नये. माणसाच्या डोक्यास लागेल एवढ्या उंचीवरून तो जाऊ नये. झडपेचे चाक कामगाराच्या हाताला येईल अशा जागी असावे. पंप दुरुस्तीसाठी बाहेर काढावयाचा झाला तर शेजारचा पाईप कापण्याची वेळ येऊ नये. ज्यातील द्रव्य आपल्या वजनाने वाहून जायला हवे, त्या पाईपास सर्वत्र उतार असावा आणि मध्येच खळगा राहू नये. प्रवाहमापक बसविला असेल, तर त्याच्या आधी व नंतर काही अंतर पाईप सरळ असावा. अन्यथा वळणामुळे ढवळलेल्या प्रवाहाची मोजणी चुकते. पंपाकडे येणाऱ्या आडव्या पाईपाचा व्यास कमी करावयाचा असेल, तर सामान्यतः तेथे एकीकडे सपाट असलेला जोड वापरून सपाट बाजू वर ठेवतात. तसे न केल्यास वरच्या बाजूस हवेचा फुगा अडकून पंपाच्या कामात व्यत्यय येतो.

वाफेचा पाईप आणि वीतभर वाढ

पाईपमार्ग ठरविताना सर्वांत अधिक फसवे बंधन उष्णतेचे असते. आपल्या राज्यातील वाचकांना साखर कारखाना परिचित आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. बॉयलरमधून निघालेली वाफ शंभर मीटर अंतरावरील यंत्रापर्यंत न्यावयाची आहे असे समजा. पाईप बसविताना हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे आणि वाफ सुरू झाल्यावर पाईप १८० अंशांपर्यंत तापणार आहे. साधे पोलाद एक अंश तापले की प्रत्येक मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या बारापट, लांब होते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु १५० अंशांचा फरक आणि शंभर मीटर लांबी यांनी त्यास गुणले असता वाढ सुमारे १८० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर होते.

हा पाईप दोन्ही टोकांना घट्ट बांधून अगदी सरळ नेला, तर ही वीतभर लांबी जाणार कोठे? ती एक तर पाईपास वाकविते, किंवा आधार उखडते, किंवा यंत्राच्या तोंडाशी असलेला जोड फोडते. म्हणूनच वाफेच्या लांब पाईपात मध्ये मध्ये चौकोनी कमानीसारखे वळसे दिलेले दिसतात. अनेकांना हे वळसे उगीच वाढविलेला खर्च वाटतात. प्रत्यक्षात पाईपाला ताणण्या-आखडण्यास मोकळीक देण्यासाठीच ते असतात. दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही सर्वांत चांगली वाट असतेच असे नाही, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा वजनाचा आहे. पाण्याने भरलेल्या सहा इंची पोलादी पाईपास साधारणपणे दर १७ फुटांवर आधार असावा, असे प्रचलित अमेरिकी संहितेतील मार्गदर्शन आहे. तोच पाईप वाफेचा असेल, तर त्याचे वजन कमी असल्यामुळे हे अंतर २१ फुटांपर्यंत चालते. आखणी करणाऱ्याने वाट निवडतानाच आधार कोठे उभे करता येतील याचा विचार केला नाही, तर सुंदर दिसणारी वाट निरुपयोगी ठरते.

कागद, प्लॅस्टिक आणि संगणक

संगणकापूर्वीच्या काळात हे सर्व काम आरेखन-फलकावर होत असे. एकाच जागेचे वरून दिसणारे व बाजूने दिसणारे दृश्य वेगवेगळ्या कागदांवर काढीत आणि दोन्ही मनात एकत्र करून तिसरी मिती ताडून पाहत. अनुभवी आरेखकांना ही कला साध्य असे. तरीही शेकडो कागदांत विखुरलेल्या हजारो पाईपांपैकी दोन पाईप एकाच जागेतून जात आहेत, ही गोष्ट कित्येकदा प्रत्यक्ष उभारणीच्या वेळीच ध्यानात येई. मग तेथेच पाईप कापणे, नव्याने जोडणे आणि वेळ व पैसा खर्ची घालणे ओघाने आलेच. मोठ्या प्रकल्पांसाठी यावर उपाय म्हणून कारखान्याची प्लॅस्टिकची छोटी प्रतिकृती तयार करीत. टेबलावर मांडलेल्या त्या प्रतिकृतीभोवती अभियंते व कारखाना चालविणारे लोक उभे राहून चर्चा करीत.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९६७ मध्ये तेथील शासनाच्या तंत्रज्ञान मंत्रालयाने संगणकाच्या साहाय्याने संकल्पन करण्यासाठी एक केंद्र स्थापन केले. १९७० नंतरच्या दशकात या केंद्रात ‘पीडीएमएस’ या नावाने ओळखली जाणारी, संपूर्ण कारखान्याचा त्रिमितीय आराखडा सांभाळणारी आज्ञावली तयार झाली. हेच केंद्र पुढे खासगी क्षेत्रात गेले आणि २००१ पासून अव्हेवा या नावाने ओळखले जाऊ लागले. अमेरिकेतील इंटरग्राफ व ऑटोडेस्क या कंपन्यांच्या आज्ञावलीही या क्षेत्रात रूढ झाल्या. नावे व बटणे निराळी असली, तरी या सर्वांमागील तत्त्व एकच आहे.

संगणक वाट कशी आखतो?

हे तत्त्व समजून घेणे कठीण नाही. या आज्ञावलीत आरेखक रेघा काढीत नाही. तो वस्तूंची नोंद करीत असतो. कारखान्यातील एक बिंदू मूळबिंदू मानून तेथून पूर्वेस किती, उत्तरेस किती आणि जमिनीपासून किती उंच, या तीन आकड्यांनी प्रत्येक वस्तूचे स्थान निश्चित करण्यात येते. शेताची मोजणी करताना जशा खुणा ठरवितात तसेच हे आहे. फक्त येथे उंचीची तिसरी खूण अधिक असते.

आखणीस प्रारंभ करण्यापूर्वी प्रत्येक पाईपाचे ‘स्पेसिफिकेशन’ संगणकात भरलेले असते. अमुक द्रव्य, अमुक दाब व अमुक तापमान असेल तर पाईप कोणत्या धातूचा, किती जाडीचा, त्यास कोणत्या प्रकारची झडप व कोणता फ्लँज लावावयाचा, याची ही नियमावलीच असते. आरेखकाने एकदा पाईपास ही नियमावली जोडून दिली, की त्याबाहेरचा भाग निवडण्यास आज्ञावली सहसा वाव देत नाही. आम्लाच्या पाईपात चुकून पाण्याच्या पाईपाची झडप बसण्याचा संभव त्यामुळे कमी होतो.

यानंतर प्रत्यक्ष आखणी सुरू होते. टाकीच्या ज्या तोंडातून पाईप निघावयाचा, ते तोंड निवडतात आणि ज्या यंत्राच्या तोंडाशी तो संपावयाचा तेही निश्चित करतात. मग पाईप आधी वर न्यावयाचा, त्यानंतर पूर्वेकडे वळवून पाईपांच्या सामाईक मचाणावर चढवावयाचा आणि शेवटी खाली उतरवावयाचा, असा मार्ग आरेखक टप्प्याटप्प्याने सांगत जातो. जेथे दिशा बदलते तेथे आज्ञावली नियमावलीतून योग्य एल्बो आणून बसविते. त्याचे मापही ठरलेले असते. नेहमीच्या लांब त्रिज्येच्या एल्बोत वळणाची त्रिज्या पाईपाच्या नाममात्र व्यासाच्या दीडपट असते. म्हणजे सहा इंची पाईपासाठी नऊ इंच. दोन वळणे याहून अधिक जवळ आणली, तर दोन एल्बो एकमेकांत शिरतात आणि संगणक ती अडचण दाखवून देतो. फाटा काढावयाचा असेल तेथे टी, व्यास बदलावयाचा असेल तेथे रिड्यूसर, याप्रमाणे पाईप पूर्ण होत जातो.

सर्व पाईप, तुळया, विजेच्या तारांचे मार्ग व हवेच्या नळ्या एकाच आराखड्यात आल्यावर टक्करीची तपासणी करण्यात येते. दोन वस्तू प्रत्यक्ष एकमेकींत शिरत असतील तर ती उघड टक्कर होय. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. पाईप तुळईस लागत नाही, परंतु त्यावरील उष्णतारोधक आवरण लागते, किंवा झडपेचे चाक फिरविण्यास हात जात नाही, किंवा दुरुस्तीसाठी राखलेल्या जागेतून दुसराच पाईप जातो. अशी मोकळी जागाही आराखड्यात वस्तू म्हणून नोंदवून ठेवली, तरच संगणक ही टक्कर दाखवू शकतो. जे त्याला सांगितलेले नाही, ते त्यास दिसत नाही.

शेवटी प्रत्येक पाईपाचे स्वतंत्र आयसोमेट्रिक चित्र व त्यास लागणाऱ्या सामानाची यादी या आराखड्यातून आपोआप निघते. याच चित्रावरून कार्यशाळेतील फिटर पाईप कापतो व वेल्डर तो जोडतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेल्या कामगाराच्या हाती पडणारे हे चित्र म्हणजे साऱ्या आखणीचे फलित होय.

वाटेची निवड माणसाचीच

दोन तोंडे दाखविली असता मधली वाट स्वतः सुचविण्याची सोयही आज्ञावलींत असते. साध्या पाईपांसाठी ती उपयोगी पडते. तथापि अशी वाट आंधळेपणाने स्वीकारता येत नाही. संगणक लांबी मोजतो, वळणे मोजतो, अडथळे टाळतो. रात्रपाळीच्या कामगाराला ही झडप अंधारात, पावसात, घाईच्या वेळी गाठता येईल काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. म्हणून आराखड्याचे काम चालू असतानाच, सामान्यतः तीन टप्प्यांवर, त्याची सामुदायिक तपासणी करण्याची पद्धत आहे. तीत केवळ आखणी करणारेच नव्हे, तर कारखाना चालविणारे, त्याची दुरुस्ती करणारे व सुरक्षा पाहणारेही बसतात. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीभोवती जी चर्चा पूर्वी होई, तीच आता पडद्यासमोर होते.

फ्लिक्सबरोची शिकवण

पाईपाची वाट चुकली तर काय होऊ शकते, याचे अत्यंत दुःखद उदाहरण इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे घडले. तेथे नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम तयार करणारा कारखाना होता. त्यात सहा मोठी भांडी ओळीने, पायऱ्यांसारखी एकाहून एक खाली बसविलेली होती आणि सायक्लोहेक्सेन हे ज्वालाग्राही द्रव्य एकातून दुसऱ्यात वाहत असे. मार्च १९७४ मध्ये पाचव्या भांड्यास तडा गेल्याचे आढळले. ते भांडे काढून टाकण्यात आले आणि उत्पादन थांबू नये म्हणून चौथ्या व सहाव्या भांड्यांना जोडणारा तात्पुरता पाईप बसविण्यात आला.

भांड्यांची तोंडे २८ इंचांची होती. बसविलेला पाईप मात्र २० इंचांचा होता. दोन तोंडांच्या उंचीत फरक असल्यामुळे त्यास दोन तिरकी वळणे द्यावी लागली. दोन्ही टोकांना लवचीक पन्हाळीदार जोड होते आणि खाली पहाडाच्या नळ्यांचा आधार होता. टोकांवरील दाबाचा जोर एका रेषेत नसल्यामुळे हा पाईप पिळला जाणार, हा हिशेब कोणी मांडला नाही. या पाईपाचे रीतसर चित्रही नव्हते. कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती तेवढी होती.

सुमारे दोन महिने हा पाईप टिकला. १ जून १९७४ रोजी, शनिवारी सायंकाळी पाचच्या सुमारास तो फुटला. बाहेर पडलेल्या वाफांचा ढग पेटून प्रचंड स्फोट झाला. २८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १८ जण नियंत्रण कक्षात होते. कारखान्यात ३६ जण जखमी झाले आणि आसपासच्या गावांतील शेकडो घरांची हानी झाली. तो सुट्टीचा दिवस नसता, तर बळींची संख्या कितीतरी अधिक झाली असती. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने तात्पुरत्या पाईपाकडेच बोट दाखविले.

आजची त्रिमितीय आज्ञावली असती तर हा अपघात टळला असता काय? या प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक दिले पाहिजे. उंचीतील फरक, व्यासातील विसंगती आणि अपुरे आधार या गोष्टी आराखड्यात लगेच दिसल्या असत्या. आराखड्यास जोडून ताणाचे गणित करणाऱ्या आज्ञावलीने पिळाची कल्पनाही दिली असती. मात्र हे सर्व केव्हा? तो पाईप आराखड्यात नोंदवला असता तर. ज्यांनी कागदावर चित्र काढण्याएवढाही वेळ घेतला नाही, त्यांनी संगणकात नोंद केलीच असती, असे म्हणता येत नाही. कारखान्यातील लहान-मोठा प्रत्येक बदल योग्य व्यक्तीकडून तपासून घेतल्याशिवाय अमलात आणू नये, ही शिस्त जगभरच्या रसायन उद्योगात दृढ होण्यास हा अपघात मोठ्या प्रमाणात कारण ठरला. यंत्र शिस्तीला मदत करते. शिस्तीची जागा घेत नाही.

याच कारणासाठी कारखाना उभा राहिल्यानंतरही त्याचा आराखडा अद्ययावत ठेवणे अगत्याचे असते. जुन्या कारखान्यांत कागद एक सांगतो आणि जागेवर दुसरेच असते. अशा ठिकाणी लेसर किरणांच्या साहाय्याने अस्तित्वातील पाईपांचे मोजमाप घेऊन, त्यावरून त्रिमितीय आराखडा नव्याने जुळविण्याची पद्धत आता प्रचारात आली आहे. नवा पाईप जुन्यांच्या गर्दीतून नेताना तिचा मोठा उपयोग होतो.

गावाचा संबंध

हा सर्व विषय अभियंत्यांचा आहे, ग्रामपंचायतीचा त्यात संबंध काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. फ्लिक्सबरोच्या स्फोटाने कुंपणाबाहेरची घरे पडली. भोपाळ येथे डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या वायुगळतीने तर कुंपणाबाहेरच्या हजारो निरपराध माणसांचे प्राण घेतले. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, धोकादायक प्रक्रियांविषयीची माहिती कामगारांप्रमाणेच स्थानिक प्राधिकरणास व आसपासच्या जनतेस देण्याचे बंधन कारखानदारावर घालण्यात आले. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गटांची योजना केली. या स्थानिक गटात सरपंचांसारख्या लोकप्रतिनिधींना नियुक्त करण्याची तरतूद आहे.

अशा गटात बसणाऱ्या सदस्याने पाईपाचे गणित करावे, अशी कोणाचीही अपेक्षा नाही. तथापि काही साधे प्रश्न तो निश्चितच विचारू शकतो. गेल्या वर्षात कारखान्यात कोणते तात्पुरते पाईप टाकण्यात आले? त्यांची तपासणी कोणी केली? ते अद्याप तात्पुरतेच आहेत की कायमचे झाले? कारखान्याचा आराखडा प्रत्यक्ष स्थितीशी जुळतो काय? गळती झाल्यास ती कोणत्या झडपेने थांबविणार आणि त्या झडपेपर्यंत माणूस पोहोचू शकतो काय? हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. मात्र ते विचारले जाणार आहेत हे ठाऊक असले, म्हणजे उत्तर तयार ठेवण्याची दक्षता आपोआप येते.

शिक्षकांनाही या विषयातून अध्यापनाचे चांगले साधन मिळू शकेल. तीन अक्षांवरील स्थान, धातूचे प्रसरण, द्रवाचा दाब आणि उतार हे पाठ्यपुस्तकातील विषय साखर कारखान्यातील वाफेच्या पाईपाजवळ उभे राहून शिकविले, तर विद्यार्थी ते सहसा विसरणार नाहीत. सुट्या खोक्यांत व काड्यांत वाट काढून दाखविण्याचा साधा खेळही त्रिमितीय विचाराची सवय लावतो. उद्या त्यांच्यापैकीच कोणी आरेखक होईल, कोणी फिटर होईल, तर कोणी गावचा कारभार पाहील. त्या प्रत्येकास त्या चौकोनी वळशाचा अर्थ ठाऊक असणे ही कारखान्याच्या आणि गावाच्याही हिताची गोष्ट आहे.